व्हिएन्नातली पहिली परिषद, लोंबकळणारं पोस्टर आणि कॉफीसोबतचं पाणी

पाणाडी

इथे चार वर्षं नुसती वाचत आलेय. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

एप्रिलमध्ये व्हिएन्नाला जाऊन आले. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, म्हणजे ईजीयूची, मोठी परिषद तिथे भरते. पीएचडीचं तिसरं वर्ष आणि देशाबाहेर पहिलंच पाऊल. माझा विषय कठीण खडकातलं भूजल. बेसाल्टमध्ये पाणी कुठून मुरतं, कुठे अडतं, शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी ठणठणीत कोरडी का, हे मी मोजत बसते. आयडीचं कारण तेच.

आधी फजिती सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

ईजीयूत पोस्टर लावायचे बोर्ड आडवे असतात. १९७ सेंटिमीटर रुंद, १०० सेंटिमीटर उंच. सूचनांमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं असतं. सूचना मीही वाचल्या, पण पोस्टर छापून गुंडाळून झाल्यावर, विमानात. पोस्टर ए-झिरो आणि उभं, म्हणजे ११८.९ सेंटिमीटर उंच. वजाबाकी तुम्हीच करा. खालचे एकोणीस सेंटिमीटर बोर्डाच्या खाली लोंबत होते आणि नेमक्या त्या एकोणीस सेंटिमीटरांत माझे निष्कर्ष होते.

परिषद ऑस्ट्रिया सेंटर व्हिएन्ना नावाच्या अवाढव्य इमारतीत असते. जुन्या शहरातून यू-१ मेट्रो पकडायची, डॅन्यूब ओलांडायची आणि काइझरम्यूलेनला उतरायचं. पंधरा हजारांहून जास्त माणसं. मी याआधी पाहिलेल्या सगळ्यात मोठ्या परिषदेला दोनशे होती. पहिल्या दिवशी मी सरकत्या जिन्यापाशी पाच मिनिटं उभी राहून गळ्यातली ओळखपत्रं बघत होते. ज्यांचे पेपर तीन वर्षं अधोरेखित करत आले ती माणसं हातात केळं घेऊन माझ्यासमोरून चालली होती.

पोस्टरची वेळ झाली. पहिली चाळीस मिनिटं कोणी नाही. म्हणजे लोक येत होते, माझ्या गुडघ्यांकडे लोंबणारा कागद बघत होते, हसून पुढे जात होते. शेजारच्या बोर्डवर पुराचं काहीतरी रंगीत होतं, तिथे गर्दी. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत होते.

मग एक म्हातारेसे गृहस्थ आले. त्यांनी वरचं काहीच वाचलं नाही. सरळ उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि लोंबणारे निष्कर्ष वाचायला लागले. मलाही बसावं लागलं. दोन पोस्टरांच्या मधल्या वाटेत आम्ही दोघं जमिनीवर. त्यांनी विचारलं, "तुझ्या विहिरींतलं पाणी किती वर्षांचं आहे?"

माझ्याकडे पातळ्या होत्या, पाऊस होता, पंपाच्या चाचण्या होत्या. पाण्याचं वय नव्हतं. तसं सांगितलं. ते म्हणाले, "शेजारच्या इमारतीत विचार." मला वाटलं थट्टा. पण शेजारची इमारत म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं केंद्र, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं मुख्यालय तिथेच आहे. जगभरच्या पावसातल्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) नोंदी ही संस्था जागतिक हवामान संघटनेबरोबर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ठेवत आलीय. अणुचाचण्यांमुळे त्या काळात पावसात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, खूप वाढलं होतं, १९६३च्या सुमारास कळस झाला. त्यामुळे भूजलातल्या ट्रिटियमवरून पाणी त्याआधी मुरलेलं की नंतर, याचा अंदाज बांधता येतो. हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ती आकडेवारी ठेवणारं ऑफिस माझ्या लोंबणाऱ्या पोस्टरपासून चालत पाच मिनिटांवर आहे, हे मात्र डोक्यात कधी आलंच नव्हतं.

उठताना त्यांनी माझा हात धरला (गुडघे!) आणि विचारलं, व्हिएन्ना पाहिलंस का. म्हटलं, मेट्रो पाहिली. ते म्हणाले, "आज कॉफी प्यायला जा. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येईल, मागावा लागत नाही. ते पाणी कुठून येतं ते शोधून काढ. भूजलवाली आहेस ना?"

त्या आठवड्यात उरलेल्या संध्याकाळी मी सात कॅफे केले. पाण्याचं काय निघालं ते पुढे लिहिते, आत्ता हात दुखले. तोवर कोणाला ठाऊक असेल तर सांगा बघू.

---

अर्धा_कप

निष्कर्ष गुडघ्याला! वाचून फुटलो. पुढचा भाग लवकर येऊ दे. पाणी डॅन्यूबचं असणार, शहरातूनच वाहते की.

---

ओवी_ओवी

मस्त लिहिलंयस गं. पण सात कॅफे आणि परिषद एकाच आठवड्यात? तुझ्या सरांना हा धागा दाखवू नकोस.

---

पाणाडी

ओवी, मॅडम आहेत, आणि त्यांनीच दोन नावं लिहून दिली होती. :)

अर्धा_कप, डॅन्यूब नाही. पण एकेकाळी तेच होतं, म्हणजे अगदीच चूक नाहीस.

पाण्याआधी कॅफेचं लिहिते. पहिल्या कॅफेत मी वेटरला "एक कॉफी" सांगितली. काळं जाकीट, बो टाय, वय साठीच्या पुढे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दवाखान्यात जाऊन "एक औषध द्या" म्हटलंय. तिथे नुसती कॉफी नसते. मेलांज म्हणजे कॉफीत गरम दूध आणि वर फेस. क्लाइनर ब्राउनर म्हणजे लहान कपात काळी कॉफी, सोबत थोडं दूध किंवा क्रीम. फेरलेंगर्टर म्हणजे तीच कॉफी गरम पाण्याने लांबवलेली. आइनश्पेनर म्हणजे काचेच्या पेल्यात कडक कॉफी आणि वर फेटलेल्या सायीचा डोंगर. आइनश्पेनर हे एका घोड्याच्या बग्गीचं नाव. बग्गीवाले थंडीत गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे, सायीच्या थराखाली कॉफी गरम राहायची, असं सांगतात.

कॉफी येते ती धातूच्या छोट्या तबकात. बाजूला पाण्याचा पेला आणि पेल्यावर पालथा ठेवलेला चमचा. मग तुम्ही आणि ते तबक. कोणी उठवायला येत नाही, बिल पुढे सरकवत नाही. मी एका मेलांजवर पावणेतीन तास बसले. पाणी संपलं तर न बोलता दुसरा पेला आला.

आवडलेली ठिकाणं, अगदी माझ्या मनाच्या क्रमाने:

हावेल्का. डोरोटेअरगासे नावाच्या गल्लीत, १९३९पासून. आत इतका अंधार की डोळे सरावायला वेळ लागतो. भिंतींवर चित्रं आणि जुनी पोस्टरं एकमेकांवर चढलेली. हावेल्का नवराबायकोने ते उभं केलं, लेओपोल्ड हावेल्का तर शंभरी गाठून २०११मध्ये गेले. रात्री आठनंतर बुख्टेल्न मिळतात, आलुबुखाराच्या घट्ट जॅमने भरलेले ऊन ऊन गोड पाव. दोन मागवले, मग आणखी दोन. यापुढे तपशील देणार नाही.

श्पेर्ल. १८८०चं. बिलियर्डची टेबलं अजून आहेत आणि त्यांच्यावर वर्तमानपत्रं पसरलेली. लाकडी दांडीत अडकवलेलं वर्तमानपत्र कसं धरायचं ते शिकायला मला पंधरा मिनिटं लागली. जर्मन येत नसल्याने वाचायला तेवढाच वेळ पुरला.

आणि श्पेर्लच्या जवळजवळ समोरच फिल. हे पुस्तकांचं दुकानही आहे आणि कॅफेही. तुम्ही बसलेली खुर्चीसुद्धा विकत मिळते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा दिवा एका बाईंनी घेतला, तेव्हा तिथे बसलेला मुलगा अंधारात पुस्तक वाचत राहिला.

---

खुसपट

लेख छान. आता माझं काम करतो.

लवकरच कोणीतरी येऊन सांगेल की १६८३च्या वेढ्यानंतर पळालेल्या तुर्की सैन्याच्या छावणीत कॉफीच्या बियांची पोती सापडली, कोल्शिट्स्की नावाच्या हेराने ती मागून घेतली आणि व्हिएन्नातलं पहिलं कॅफे काढलं. त्याचा पुतळासुद्धा आहे, त्याच्याच नावाच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. गोष्ट गोड आहे, पण ती रुजवली ती वेढ्यानंतर शंभर वर्षांनी, १७८३मध्ये लिहिणाऱ्या एका पाद्र्याने. कागदोपत्री कॉफी विकायचा पहिला परवाना १६८५मध्ये योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाला.

---

मृगजळ

खुसपटराव, मी तेच लिहायला आले होते, पोत्यांचं. आता काय लिहू?

---

खुसपट

मग हे लिहा: व्हिएन्नाची कॅफे संस्कृती "युनेस्कोच्या जागतिक यादीत" आहे असं सगळीकडे छापतात. २०११मध्ये ती ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ती यादी युनेस्कोच्या करारानुसार केलेली आहे, पण जागतिक यादी वेगळी. (तुमच्याऐवजी मीच लिहिलं. क्षमस्व.)

---

निवांत

मी २०१६ला गेलो होतो, कामानिमित्त. कॅफे सुंदर, पण धूर! सिगारेटच्या धुराने कोट आठवडाभर वास मारत होता. हावेल्कात तुला त्रास झाला नाही का?

---

पाणाडी

नाही. १ नोव्हेंबर २०१९पासून तिथे सगळ्या कॅफे-रेस्टॉरंटांत आत सिगारेट ओढायला बंदी आहे. हावेल्काच्या भिंती मात्र अजून त्याच रंगाच्या आहेत. त्या रंगाचं श्रेय कोणाला ते कळतंच.

---

गणितकिडा

तुमच्या पोस्टरपाशी एकच माणूस आला, यावरून एक गोष्ट आठवली. तीही व्हिएन्नाच्या कॅफेतली.

२६ ऑगस्ट १९३०. कॅफे राइख्सराट. कुर्ट गोडेल नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा रुडॉल्फ कार्नाप या तत्त्वज्ञाला सांगतो की त्याला काहीतरी सापडलंय: गणिताची पुरेशी ताकदवान आणि विसंगतीमुक्त औपचारिक व्यवस्था घेतली, तर तिच्यात अशी विधानं असतातच जी त्याच व्यवस्थेत सिद्धही करता येत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत. कार्नापच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. पुढच्याच आठवड्यात दोघं एका परिषदेसाठी क्योनिग्सबर्गला निघणार होते.

त्या परिषदेत गोडेलने आधी आपल्या प्रबंधावर भाषण दिलं. शेवटच्या दिवशी, ७ सप्टेंबरला, चर्चासत्रात त्याने हा नवा शोध बोलता बोलता सांगून टाकला. विसाव्या शतकातल्या तर्कशास्त्राचा सगळ्यात मोठा निकाल, आणि सभागृह जवळजवळ ढिम्म. ज्याच्या ते लक्षात आलं तो गणिती फोन नॉयमन. त्याने गोडेलला बाजूला गाठलं, घरी जाऊन डोकं चालवलं आणि नोव्हेंबरात पत्र पाठवलं की यातून आणखी एक निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष गोडेलने तोवर छापायला धाडलाही होता.

गंमत म्हणजे कॅफेतल्या त्या भेटीनंतरही कार्नापला ते पुरतं पचलं नव्हतं. परिषदेत तो स्वतः जुन्याच धर्तीवर बोलला.

---

ओवी_ओवी

किड्या, म्हणजे पाणाडीचे ते उकिडवे आजोबा फोन नॉयमन का?

---

पाणाडी

आजोबांनी नंतर ईमेलने माझ्या एका आलेखातली चूक दाखवली. अक्षाला एकक नव्हतं. फोन नॉयमन इतके खाली उतरले नसते.

---

नवखा

नमस्कार. मी पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय (दगडांचा माणूस आहे, पाण्याचा नाही). व्हिसा, पैसे, राहणं याबद्दल कोणी सांगेल का? आणि पाणाडीताई, तिथे लोकांशी बोलायचं कसं? मला परिषदेत बोलायच्या विचारानेच घाम फुटतो.

---

निवांत

व्हिसाचं मी सांगतो. शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी गेला पाहिजे, पण पंधरा दिवसांवर विसंबू नकोस, भेटीच्या वेळाच मिळत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू असणारा. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागून घे. विमानतळावरून शहरात यायला हिरवी झगझगीत एक्सप्रेस दिसेल, ती महाग. त्याच रुळांवरून एस-७ लोकल जाते, थोडा जास्त वेळ घेते, खिसा वाचवते. मेट्रोला फाटक नसतं, म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नकोस. कागदी तिकिटावर निळ्या पेटीत शिक्का मारायचा. साध्या कपड्यातले तपासनीस फिरतात आणि "मला माहीत नव्हतं" हे त्यांना सगळ्या भाषांत पाठ आहे.

रविवारी पोहोचणार असशील तर खाण्याची सोय करून ठेव. दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची सोडून. कॅफे उघडे.

---

पाणाडी

नवखा, बोलण्याचं मी काय सांगणार, मी स्वतः जमिनीवर बसून बोलले. पण दोन गोष्टींचा उपयोग झाला.

एक, ईजीयूत पहिल्यांदा येणाऱ्याला जुना माणूस जोडून द्यायची मेंटरिंगची सोय असते. आधी नोंदवावं लागतं. माझ्या वाट्याला आलेल्या बाई हिमनद्यांवर काम करणाऱ्या. विषयाचा काही संबंध नाही, पण त्यांनी पहिल्याच भेटीत माझा वेळापत्रकाचा कागद घेतला आणि निम्म्याहून जास्त व्याख्यानांवर काट मारली. मी सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येक सत्र रंगवून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, बुधवारपर्यंत तुला स्वतःचं नाव आठवणार नाही. मंगळवारीच आठवेनासं झालं.

दुसरं, मोठ्या माणसाला गाठायचं तर व्याख्यान संपल्यावर व्यासपीठापाशी घोळक्यात उभं राहू नये. तिथे तुमच्या वाट्याला तीस सेकंद येतात आणि त्यात तुम्ही फक्त "फार आवडलं" म्हणता. त्याच माणसाच्या विद्यार्थ्याचं पोस्टर शोधावं. त्याच्यापाशी वेळच वेळ असतो आणि खरं काम त्यानेच केलेलं असतं. मी अशाच एका मुलीशी बोलायला लागले, तिला कॅफेला येतेस का विचारलं, आणि क्लाइनेस काफेत आम्ही तिच्या मॉडेलातली गडबड पेपर नॅपकिनवर सोडवत बसलो. नावाप्रमाणेच ते इवलंसं आहे, फ्रान्सिस्कानरप्लात्स नावाच्या छोट्या चौकात. आतली रचना १९७०मध्ये हेर्मान चेख या वास्तुरचनाकाराने केलेली. एवढ्याशा जागेत एवढी माणसं मावतात कशी, हा प्रश्न आम्हाला मॉडेलापेक्षा अवघड वाटला.

बिल देताना एक लक्षात ठेव. वेटर टेबलापाशीच पैसे घेतो. बक्षिशी टेबलावर ठेवून निघायचं नसतं, बेरजेत वाढवून आकडा तोंडाने सांगायचा. दहा टक्क्यांच्या आसपास चालतं. सुटे पैसे जवळ ठेव.

---

मृगजळ

कोणी कॅफे सेंट्रलला गेलंय का? मला तेच बघायचं होतं. तो रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की तिथे बुद्धिबळ खेळत बसायचा ना?

---

पाणाडी

गेले. म्हणजे रांगेपर्यंत. अर्धा तास उभी राहिले, पाऊस आला, सोडून दिलं.

---

निवांत

मी विरुद्ध मत नोंदवतो. सेंट्रलची रांग लावण्यासारखी आहे, फक्त सकाळी उघडायच्या वेळी जावं. १८७६पासूनचं आहे, मध्ये बरीच वर्षं बंद होतं. कमानी आणि खांब बघून मान दुखते. दाराशीच पेटर आल्टेनबेर्ग या लेखकाचा कागदाच्या लगद्याचा पुतळा टेबलाशी बसलेला आहे. हा माणूस तिथे इतका पडीक असायचा की टपालसुद्धा तिकडेच मागवायचा. मृगजळ, ट्रॉट्स्की खेळायचा हे खरं, पहिल्या महायुद्धाआधी काही वर्षं तो व्हिएन्नात होता. पण आज तिथे बुद्धिबळ मांडून बसलात तर मागची रांग तुम्हाला खाईल.

---

पाणाडी

तेच तर. ज्या कॅफेत मागच्या माणसासाठी घाईने संपवावं लागतं ते कॅफे कशाला? इमारत बघायला जा, कॉफी दुसरीकडे प्या. या मतावरून मी हलणार नाही.

---

अर्धा_कप

विचित्र म्हणावं असं काही? अंधारा आणि जुना हे झालं. धाग्यात कॅफे इतके आणि एकही चक्रम नाही!

---

पाणाडी

आजीबाईंचं कॅफे चालेल? फोलपेन्सिओन. चौथ्या विभागात, श्लाइफम्यूलगासेवर. नावातच कोटी आहे: हॉटेलात राहणं-जेवण सगळं धरून त्याला हा शब्द वापरतात, आणि त्यात पेन्शनही आहे. निवृत्त आज्या (आणि काही आजोबा) तिथे केक भाजतात, पगार घेतात. तुटपुंजं पेन्शन आणि घरातला एकटेपणा, या दोन्हींवर म्हणून ते सुरू झालं. आत सगळं कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीतून उचलून आणलेलं: फुलाफुलांचे सोफे, फ्रेममधले अनोळखी नातेवाईक. मी केक अर्धा ठेवला तर काउंटरमागच्या आजींनी लांबूनच भुवई उंचावली. संपवला. जागा आधी नोंदवून जा.

मांजरांचं कॅफेही आहे, नेको, २०१२पासूनचं, व्हिएन्नातलं या प्रकारचं पहिलं. एका जपानी बाईंनी परवानगीसाठी बराच काळ झगडून उघडलं. मला मांजरांची शिंक येते, त्यामुळे मी फक्त काचेतून पाहिलं. कोणी जाणार असेल तर चालू आहे का ते आधी बघून जा.

---

खुसपट

अवांतर, पण धाग्यात खुर्च्या निघाल्यात म्हणून. कॅफेत ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या असतात त्यांतली सगळ्यात गाजलेली म्हणजे टोनेट कंपनीची १४ क्रमांकाची, १८५९ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. जाईल तिथे जोडायच्या. हल्ली ज्याचं कौतुक चालतं ते घरी-जोडा फर्निचर एवढं जुनं आहे.

---

ओवी_ओवी

पाणाडी, पाणी!! तीन दिवस झाले.

---

पाणाडी

आले आले.

आजोबांनी सांगितल्यापासून प्रत्येक पेला मी संशयाने बघत होते. पाणी गार, कसलाच वास नाही, क्लोरीनची चव नाही. कॅफे प्र्युकेलमध्ये (जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावरचं, पन्नासच्या दशकातली सजावट तशीच ठेवलेलं, उजेड भरपूर) एका वेटरला विचारलं, हे बाटलीतलं का? तो दुखावलाच. म्हणाला, नळाचं. आणि छताकडे बोट दाखवून म्हणाला, डोंगरातलं.

खरंच डोंगरातलं. व्हिएन्नाचं पिण्याचं पाणी मुख्यतः आल्प्समधल्या चुनखडीच्या डोंगरांतल्या झऱ्यांमधून येतं. पहिली जलवाहिनी १८७३ची, राक्स आणि श्नेबेर्ग डोंगरांतून. दुसरी १९१०ची, होखश्वाबकडून, १८० किलोमीटर. दुसरीतून पाणी शहरात पोहोचायला साधारण ३६ तास लागतात. आणि वाटेत पंप नाही. नुसत्या उतारावर येतं. उलट उतार जिथे जास्त आहे तिथे वीज काढून घेतात.

त्याआधी शहर विहिरींचं आणि डॅन्यूबकाठच्या गाळातून झिरपलेलं पाणी प्यायचं (अर्धा_कप, हा तुझा गुण). विहिरी शौचकूपांच्या शेजारी, मग टायफॉइड आणि कॉलरा. १८६२मध्ये एका भूगर्भशास्त्रज्ञाने शहराखालच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं: कुठला थर, कुठलं पाणी, आणि आजार कुठे. मग तो नगरपालिकेत निवडून गेला आणि शंभर किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या झऱ्यांचं पाणी आणायचं म्हणून वर्षानुवर्षं भांडला. लोकांना ते वेडेपणाचं वाटत होतं. २४ ऑक्टोबर १८७३ला श्वार्त्सेनबेर्गप्लात्सवर कारंजं उडालं आणि पाणी आलं.

तो माणूस एडुआर्ड झ्यूस.

दगडवाल्यांना आता धक्का बसला असेल, मलाही बसला. गोंडवनलँड हे नाव देणारा झ्यूस. मध्य भारतातल्या खडकांना आधीच गोंडवन नाव होतं, ते उचलून त्याने दक्षिणेकडच्या जुन्या जोडलेल्या भूभागाला दिलं. टेथिस या प्राचीन समुद्राचं नाव त्याचंच, बायोस्फिअर म्हणजे जीवावरण हा शब्दही त्याचाच. पदवीच्या पहिल्या वर्षापासून हे नाव मी घोकलंय. माझ्या डोक्यात तो दाढीवाला, खंडं जुळवत बसणारा माणूस होता. नळाच्या पाण्यासाठी नगरपालिकेत भांडणारा कधी नव्हता.

परत निघायच्या आदल्या संध्याकाळी श्वार्त्सेनबेर्गप्लात्सला गेले. कारंजं चालू होतं, वारा माझ्याच बाजूने, भिजले. झ्यूसचं स्मारक तिथेच आहे. बराच वेळ बसले आणि चुनखडीचा विचार करत होते. चुनखडीत पाणी भेगांतून आणि गुहांतून धावतं. पाऊस पडला की झरा फुगतो, आणि वरती घाण केली तर तीही तितक्याच वेगाने खाली पोहोचते. म्हणून शहराने झऱ्यांच्या वरची जंगलंच ताब्यात ठेवलीत, पाण्यासाठी राखलेली. माझा बेसाल्ट अगदी उलटा. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांच्या जाळ्यात कुठे कुठे अडकून बसतं. एक भेग चुकली की विहीर कोरडी. आणि त्या भेगेतलं पाणी किती वर्षांचं ते मला ठाऊक नाही.

शुक्रवारी दुपारी शेजारच्या इमारतीतल्या एकांची गाठ आजोबांनीच घालून दिली होती. या पावसाळ्यात नमुने कसे घ्यायचे, बाटली काठोकाठ कशी भरायची, बुडबुडा का राहता कामा नये, हे त्यांनी कॉफी पितापिता समजावलं. कॉफी कँटीनमधल्या यंत्रातली होती आणि वाईट होती.

---

अर्धा_कप

अर्धा गुण मिळाला, आयडी सार्थ झाला.

---

गणितकिडा

झ्यूसचं माहीत नव्हतं. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या अंगणात प्राध्यापकांचे अर्धपुतळे आहेत, मी तिथे भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमन शोधत फिरलो होतो. झ्यूसही तिथे असणारच, मी नक्की त्याच्यासमोरून गेलो असेन.

---

खुसपट

काही खुसपट सापडत नाही. उद्या परत बघतो.

---

नवखा

ताई, झ्यूससाठी तरी येणार मी! अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (गोषवारा) जानेवारीत द्यायचा ना? एकच शंका: माझा नकाशा उभा आहे, उत्तर-दक्षिण लांब. पोस्टर उभंच बरं दिसेल असं वाटतंय. चालेल का?

---

पाणाडी

हो, जानेवारीच्या मध्यावर, तारीख त्या वर्षीची बघून घे.

पोस्टर आडवं. नकाशा फिरव, उत्तर डावीकडे कर, काहीही कर. आडवं.